शाळेच्या आवारातील पाचारण

शाळा सुटल्यावरही मुले ज्या मोठ्या माणसाभोवती विनाकारण घोटाळत राहतात, त्या माणसाविषयी हे पुस्तक आहे. तो गुण देत नाही, त्यामुळे त्याची मर्जी राखण्यात मुलांचा काही फायदा नसतो. तो शिक्षा करत नाही, म्हणून त्याला टाळावे असेही त्यांना वाटत नाही. कुठे त्याला चॅप्लिन म्हणतात, कुठे धर्मशिक्षक, तर कुठे नुसतेच फादर, सिस्टर, दादा किंवा ताई. वसईच्या एखाद्या धर्मग्रामात तो रविवारी मिस्सा झाल्यावर युवक मंडळाची सभा घेतो. मुंबईच्या एखाद्या कॉन्व्हेंट शाळेत मधल्या सुट्टीत जिन्याशी उभा असतो. नगरकडच्या एखाद्या मंडळीत शब्बाथ शाळा चालवतो आणि मे महिना आला की सुट्टीतील बायबल शाळेच्या तयारीत बुडून जातो.

या कामाकडे वळू पाहणारे तरुण-तरुणी मला भेटतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो. मुलांमध्ये रमायला आवडते, देवावर श्रद्धा आहे, पण हे आपले पाचारण आहे हे ओळखायचे कसे? घरचे म्हणतात, आधी बी.एड. कर, कायमची नोकरी बघ. चर्चमधली वडीलधारी माणसे म्हणतात, प्रार्थना कर, देव वाट दाखवील. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात. पण सोमवारी सकाळी नेमके कुठे जायचे आणि काय करायचे, हे त्यांतून कळत नाही. धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी निदान सेमिनरी आणि मठ आहेत, तिथे त्यांची पारख करणारी अनुभवी माणसे आहेत. शाळेत आणि तरुणांमध्ये श्रद्धेचे काम करू पाहणाऱ्या साध्या संसारी माणसासाठी मराठीत फारसे काही लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. ती उणीव थोडी भरून निघावी, हा या लेखनाचा हेतू.

पाचारण आधी मनात पक्के होते आणि मग माणूस मुलांकडे जातो, अशी आपली समजूत असते. या क्षेत्रात ज्यांनी आयुष्य वेचले त्यांची चरित्रे पाहिली तर क्रम उलटा दिसतो. मुले आधी समोर आली, त्यांच्या गरजेने माणसाला अडवले, आणि आपण इथलेच आहोत हे त्याला मागाहून उमगले. माझे सारे सांगणे यात आले: हे पाचारण मुलांच्या मधोमध उभे राहिल्यावरच ऐकू येते, आणि ज्याला ते ऐकू आले त्याने मुलांना मोकळे ठेवायला शिकावे लागते.

जॉन बॉस्को यांच्या आयुष्यात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. १८१५ मध्ये इटलीच्या पिडमाँट भागातील बेकी या वाडीत त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे व्हायच्या आतच वडील गेले. आई मार्गरीटाने शेतात राबून घर चालवले. ५ जून १८४१ रोजी तुरिनमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शहर वाढत होते आणि खेड्यापाड्यांतून गवंडीकामाला, धुराडी झाडायला, मिळेल त्या मजुरीला पोरे येत होती. नव्या धर्मगुरूला त्याचे मार्गदर्शक फादर कफासो तुरुंगात घेऊन गेले. तिथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले गजांआड बसलेली पाहून बॉस्को हादरले. सुटलेली मुले पुन्हा पुन्हा आत येतात, कारण बाहेर त्यांची काळजी करणारे कोणीच नसते, हे त्यांनी तिथे पाहिले. तुरुंगात उपदेश करणारे पुष्कळ होते. तुरुंगाबाहेर, रविवारच्या रिकाम्या दुपारी सोबत करणारे कोणी नव्हते.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला ते चर्चच्या वस्त्रागारात मिस्साची तयारी करत होते. मिस्साला सेवा करता येत नाही एवढ्यावरून चर्चच्या नोकराने एका परक्या मुलाला मारून हाकलले. हा माझा मित्र आहे, त्याला परत बोलाव, असे बॉस्को म्हणाले. मुलाचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली, वय सोळा, धंदा गवंडीकाम. आईवडील नाहीत. लिहिता-वाचता येत नाही. गाता येत नाही. मग बॉस्कोंनी विचारले, शीळ वाजवता येते का? मुलगा हसला. पुढच्या रविवारी तो आपल्या सोबत्यांना घेऊन आला. बॉस्कोंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे आणि सालेशियन परंपरा आपल्या कामाची सुरुवात तिथूनच मोजते. धर्मज्ञानाच्या कसोटीवर जो मुलगा प्रत्येक प्रश्नाला नापास झाला होता, त्याला जे येत असेल ते सापडेपर्यंत प्रश्न विचारत राहणारा माणूस त्या दिवशी भेटला.

यानंतरची पाच वर्षे मला अधिक मोलाची वाटतात, कारण पाचारणाची खरी परीक्षा तिथे झाली. १८४४ पासून बॉस्को मार्किझा बारोलो या दानशूर बाईंनी मुलींसाठी काढलेल्या संस्थेत चॅप्लिन होते. वेतन होते, राहायला जागा होती. दर रविवारी जमणारी आरडाओरडा करणारी पोरे मात्र कोणालाच नको होती. कधी दफनभूमीशेजारच्या चॅपेलमधून, कधी गिरणीच्या आवारातून, तर कधी भाड्याच्या शेतातून त्यांना हलावे लागले. १८४६ च्या ईस्टरला वाल्दोको भागात पिनार्डी नावाच्या गृहस्थांचे एक पडवीवजा खोपट भाड्याने मिळाले, तेव्हा कुठे पाय टेकायला जागा झाली. बॉस्कोंची तब्येत ढासळत चाललेली पाहून मार्किझांनी कळकळीने सांगितले की दोन्ही कामे झेपणार नाहीत, एक निवडा. बॉस्कोंचे उत्तर असे की तुमच्या मुलींसाठी दुसरा धर्मगुरू सहज मिळेल, माझ्या पोरांना मिळणार नाही. हाती काही नसताना त्यांनी पोरे निवडली. त्याच उन्हाळ्यात ते मरणाच्या दारी गेले आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला गवंड्यांची, मजुरांची मुले चर्चमध्ये रांगा लावून आली. ते बरे झाले. नोव्हेंबरात गावाकडून आई आली आणि मरेपर्यंत, म्हणजे १८५६ पर्यंत, त्या पोरांची आई होऊन राहिली.

आपल्याकडे या कामाविषयी बोलताना प्रेम, माया हे शब्द फार लवकर येतात. बॉस्कोंचे प्रेम कागदावर उतरत असे. १८५१-५२ मधील शिकाऊ कामगारांचे काही करारनामे आजही उपलब्ध आहेत. मुलगा चुकला तर शब्दाने समज द्यायची, मारायचे नाही. शिकण्याच्या धंद्याखेरीज घरची कामे त्याच्याकडून करून घ्यायची नाहीत. सणाच्या दिवशी सुट्टी द्यायची. अशा अटींखाली मालकाची सही, मुलाची सही आणि बॉस्कोंची सही. १८५९ मध्ये त्यांनी सालेशियन संघाची स्थापना केली. १८७७ मध्ये आपली शिक्षणपद्धती लिहून काढताना विवेक, धर्म आणि स्नेह या तीन गोष्टींवर ती उभी असल्याचे त्यांनी सांगितले. १८८४ मध्ये रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांची एक खंत आहे: शिक्षक आता मुलांबरोबर खेळायला मैदानात उतरत नाहीत. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते त्यांना जाणवले पाहिजे, असे ते तिथे बजावतात. १९०६ मध्ये तंजावरला उतरलेले सालेशियन पुढे मुंबईत आले. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेसमोरून जाणाऱ्या अनेकांना ते नाव ओळखीचे असते, पण त्यामागची ही वाटचाल ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण बेल्जियमचे. जोसेफ कार्डाइन यांचा जन्म १८८२ चा. धर्मगुरू व्हायचे म्हणून ते सेमिनरीत शिकायला गेले. सुट्टीत घरी परतले तेव्हा बरोबरीचे सवंगडी गिरण्यांत कामाला लागले होते. ते त्यांना परके मानू लागले. कार्डाइन आता वरच्या लोकांच्या, मालकांच्या बाजूला गेला, असे त्यांना वाटत होते. हा घाव त्यांनी जन्मभर बाळगला. कामगार तरुणांसाठी काम करताना त्यांनी पाहिले की या मुलांना चांगले विचार सांगणारे खूप आहेत, पण त्यांना स्वतःला विचार करता येतो हे मान्य करणारे थोडे. १९२५ मध्ये त्यांनी उभ्या केलेल्या ख्रिस्ती कामगार तरुणांच्या चळवळीची रीत तीन पायऱ्यांची होती: पाहा, पारखा, कृती करा. गिरणीत पोरींशी मुकादम कसा बोलतो ते आधी डोळे उघडे ठेवून पाहायचे, शुभवर्तमानाच्या उजेडात ते पारखायचे, आणि मग स्वतःच्या ताकदीत बसेल ते करायचे. चर्चा तरुणांनीच चालवायची, धर्मगुरूने कोपऱ्यात बसून ऐकायचे. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या सामाजिक परिपत्रकात या रीतीवर मान्यतेची मोहोर उमटवली. आज आपल्या शाळांतून वायसीएसचे, म्हणजे ‘यंग ख्रिश्चन स्टुडंट्स’चे, गट चालतात, त्यांच्या मुळाशी हीच रीत आहे. ज्याला मुलांपुढे बोलण्याची हौस आहे त्याने कार्डाइन यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे. त्यात गप्प बसण्याचे शिक्षण आहे.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक जुनी शंका उभी राहते आणि तिला सरळ भिडले पाहिजे. शाळेत धर्माचा माणूस कशाला? ही शंका निराधार नाही. तिला आपल्याच भूमीचा इतिहास आहे. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी शाळा काढल्या. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी मोठ्या संख्येने मुले शाळेतून काढली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याची बाजू लावून धरली. धनजीभाई आणि नारायण शेषाद्री या दोघांनीही पुढे सारे आयुष्य आपल्या निवडीशी इमान राखून सेवेत घालवले. नारायणरावांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. त्यांच्या श्रद्धेच्या खरेपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण श्रीपतसारखा कोवळा मुलगा दोन घरांच्या ओढाताणीत सापडतो, तेव्हा मोठ्यांचा हेतू कितीही शुद्ध असला तरी त्याचा भार मुलालाच वाहावा लागतो.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आपल्याच पदरी आहे. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आली, पुढे अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींना शिकवत राहिली. तिच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनातील मुलींच्या शाळेच्या विचाराने उचल घेतली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिच्याकडे गिरवले. घर, देश, आप्त सोडून आलेली ही बाई श्रद्धेमुळेच आली होती. तिने दिलेले शिक्षण मात्र ज्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही त्यांचेही झाले, आणि त्यातून महाराष्ट्र बदलला. मुलांना काही देताना परतफेडीची अट न घालणे म्हणजे काय, हे फरारबाईंच्या कामाच्या फळांवरून कळते.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने या प्रश्नावर जी तोड काढली ती मला शहाणपणाची वाटते. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माची शिकवण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ती दिली जात असेल, तर कोणालाही त्या तासाला बसण्याची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणूनच आपल्या कॅथलिक शाळांमध्ये ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालू असतो तेव्हा बाकीच्यांचा नीतिशिक्षणाचा चालतो. वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देणे म्हणजे धर्माची शिकवण नव्हे, हा भेद २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय प्रकरणात स्पष्ट केला. काहींना हे नियम श्रद्धेच्या कामातील अडसर वाटतात. मला तसे वाटत नाही. संमतीशिवाय मुलाला आपल्याकडे आणता येत नाही, याचा अर्थ जे मूल येते ते खरोखर आलेले असते.

ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवून पाहिला. तिथल्या केंद्र सरकारने २००६ मध्ये शाळांसाठी चॅप्लिनची योजना जाहीर केली आणि एका शाळेला वर्षाला २०,००० डॉलरपर्यंत मदत देऊ केली. मुलांना आधार द्यायचा, धर्मप्रसार करायचा नाही, अशी अट होती. क्वीन्सलँडमधील एका पालकाने या खर्चाला आव्हान दिले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये तिथल्या उच्चतम न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकाल धर्माच्या मुद्द्यावर नव्हता. हा पैसा खर्च करण्याचा अधिकार केंद्राला आहे का, या मुद्द्यावर होता. योजना नव्या रूपात चालू राहिली आणि २०२३ पासून शाळांना चॅप्लिन किंवा धर्मनिरपेक्ष कल्याण अधिकारी यांतून निवड करण्याची मोकळीक मिळाली. इतकी वर्षे चाललेल्या वादातून एक प्रश्न टोकदार होऊन समोर येतो: धर्माविषयी एक शब्दही न बोलता चॅप्लिन जे देतो ते नेमके काय? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही त्याने शाळेत पाऊल टाकू नये. ज्याच्याकडे ते आहे, त्याला ख्रिस्ती मुलांसमोर श्रद्धेविषयी बोलण्याचाही अधिकार हळूहळू मिळतो.

माझ्या मते ते उत्तर शाळेच्या रोजच्या व्यवहारात पसरलेले आहे. दहावीच्या निकालानंतर घरी न जाता शाळेच्या फाटकापाशी रेंगाळणारा मुलगा. वडील आखातात किंवा जहाजावर, आई दोन पाळ्यांत काम करते, म्हणून धाकट्या भावंडांचा डबा करून येणारी सातवीतली मुलगी. दृढीकरणाच्या वर्गात हात वर करून, देव आहे तर माझी आजी एवढी का तळमळली, असे विचारणारा आणि वर्ग स्तब्ध झाला म्हणून ओशाळणारा विद्यार्थी. या तिघांनाही आधी एका गोष्टीची गरज आहे: कोणीतरी घाई न करता त्यांचे पूर्ण ऐकून घ्यावे. आजीविषयी विचारणाऱ्या मुलाला पाठ केलेले उत्तर दिले तर तो पुढच्या वेळी विचारणार नाही. येशूने क्रुसावर स्वतः तोच प्रश्न विचारला होता, हे त्याला सांगता येते, पण त्याचे बोलणे संपल्यावर. आणि ज्या मुलाचे घर हिंदू किंवा मुस्लिम आहे, त्याचे आजोबा वारले तर त्याला आपली प्रार्थना शिकवणे हे चॅप्लिनचे काम नव्हे. दहाव्याला काय झाले, दफनाला कोण कोण आले, आजोबा त्याला कोणत्या नावाने हाक मारत, हे त्याच्याकडून ऐकणे हे काम आहे. त्याच्या घरच्या श्रद्धेत त्याला जो दिलासा सापडतो त्याला आपल्या हातून धक्का लागू नये, एवढी जाण हवी.

हे काम ख्रिस्ती लोकांनीच केले असेही नाही. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेल्यावर त्यांची अंथरुणे आवरणे, कपडे धुऊन ठेवणे, खोल्या झाडणे असली कामे ते न बोलता करत. मुलांसाठी ते रोज ‘छात्रालय’ दैनिक लिहून काढत. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली, पण त्या वसतिगृहात त्यांनी जे केले त्याची आठवण तिथली मुले आयुष्यभर सांगत राहिली. मुलांच्या मनावर अधिकार गाजवण्याची इच्छा न ठेवता त्यांच्या जवळ राहण्याची ही रीत मराठी मातीत रुजलेली आहे. शाळेत ख्रिस्ताच्या नावाने काम करणाऱ्या मराठी माणसाला ती घरातूनच मिळालेली आहे. तिचा अभ्यास करताना त्याला परके वाटण्याचे कारण नाही.

आता पुन्हा मूळ प्रश्न. हे आपले पाचारण आहे हे ओळखायचे कसे? संत इग्नेशियस लोयोला यांच्या अनुभवाचा मला इथे आधार वाटतो. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी महिनोन्महिने पडून असताना ते दोन प्रकारची स्वप्ने रंगवत. दरबारातील पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा येई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार करताना जो आनंद होई, तो विचार संपल्यावरही टिके. हा फरक त्यांच्या ध्यानात आला आणि पाचारणाची पारख करण्याची त्यांची सारी पद्धत त्यावर उभी राहिली. पुढे वयाच्या तिशीनंतर ते बार्सिलोनात लहान मुलांबरोबर बाकावर बसून लॅटिन शिकले. त्यांनी स्थापन केलेल्या येशू संघाच्या शाळा मुंबई-पुण्यात शतकाहून अधिक काळ चालू आहेत.

या कसोटीवर स्वतःला तपासून पाहता येते. शिबिराच्या रात्री गिटार, गाणी आणि मेणबत्त्यांत सर्वांनाच भरून येते. त्या भारावलेपणावरून काही ठरवू नये. शिबिर संपल्यावर सतरंज्या गोळा करताना, एका मुलाला न्यायला कोणीच आले नाही म्हणून अंधार पडेपर्यंत त्याच्याबरोबर थांबताना मन कसे असते, ते पाहावे. थकवा आलेला असतोच. त्या थकव्याच्या तळाशी समाधान असेल तर ती खूण विश्वासाची आहे. मुले आपल्यामुळे नव्हे तर एकमेकांमुळे आणि देवामुळे येऊ लागली, तर आनंद होतो की कुठेतरी बोचते, हेही तपासावे. ज्याला बोचते त्याने अजून थोडे थांबावे, कारण मुलांच्या कौतुकाची भूक भागवायला हे क्षेत्र नाही. शेवटची खूण बाहेरून मिळते. आपल्याला ओळखणारी शहाणी माणसे, मुलांचे पालक, मुख्याध्यापिका आणि स्वतः मुले आपल्यावर विश्वास टाकतात का? पाचारण एकट्याच्या मनात पूर्ण होत नाही, समाजाने त्याला होकार द्यावा लागतो.

विश्वासाबरोबर जबाबदारी येते आणि तिथे भाबडेपणा चालत नाही. मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी काही सांगितले तर ते स्वतःजवळ ठेवण्याची मुभा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कोणालाही दिलेली नाही. पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावेच लागते. म्हणून, कोणाला सांगणार नाही असे वचन मुलाला आधीच देऊ नये. कोणाला सांगावे लागेल आणि का, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्याच्याबरोबर राहावे. बंद दाराआड एकट्या मुलाला भेटू नये. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक पाठ असावेत. १०९८ च्या सेवेचा जन्म १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून झाला. नैराश्याने खचलेल्या मुलाला नुसती प्रार्थना सांगून परत पाठवणे हा श्रद्धेचाही अवमान आहे. प्रार्थना करावी आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊनही जावे.

धर्मग्रामांना आणि मंडळ्यांनाही माझे एक मागणे आहे. या कामात येणाऱ्यांपैकी बहुतेक जण संसारी आहेत आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. पाचारण आहे म्हणून त्यांना मानधनाची गरज नाही, असे समजणे अन्यायाचे आहे. चर्चच्या नव्या कमानीसाठी आपण वर्गणी काढतो. मग मुलांसाठी आयुष्य देणाऱ्या ताईच्या प्रशिक्षणासाठी, पगारासाठी आणि वर्षातून एकदा विसाव्यासाठी पैसा उभा करणे आपल्याला जड जाऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी तरुणांविषयीच्या २०१८ च्या धर्मपरिषदेनंतर, २०१९ मध्ये लिहिलेल्या प्रबोधनपर पत्रात तरुणांना सोबत करण्यावर फार भर दिला आहे. जो इतरांना सोबत करतो त्यालाही सोबत लागते, हे आपण विसरू नये.

पुस्तकाचे चार भाग केले आहेत. पहिल्या भागात बॉस्को, कार्डाइन आणि आपल्याकडच्या मिशन शाळांचा इतिहास विस्ताराने आला आहे. दुसरा भाग शाळेतील कामाचा आहे: परिपाठ, नीतिशिक्षणाचा तास, शोकाच्या प्रसंगी काय करावे, शिक्षकांशी नाते कसे ठेवावे. तिसऱ्या भागात युवक मंडळ, शिबिरे, ध्यानसाधना आणि दृढीकरणाची तयारी यांविषयी लिहिले आहे. चौथा भाग पाचारणाची पारख, कायदा, मानधन आणि विश्रांती यांना दिला आहे. शाळेत काम करणाऱ्यांनी दुसऱ्या भागापासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. ज्यांचे मन अजून ठरलेले नाही त्यांनी मात्र पहिला आणि चौथा भाग एकापाठोपाठ एक वाचावेत.

आणि वाचन संपेपर्यंत थांबू नये. आपल्या धर्मग्रामातील धर्मशिक्षणाचा एखादा वर्ग, शेजारच्या शाळेतील एखादा गट, वस्तीतील एखादे वसतिगृह मागून घ्यावे आणि एक शैक्षणिक वर्ष त्याच मुलांसोबत काढावे. त्यांची नावे पाठ करावीत, त्यांची घरे ओळखावीत, त्यांच्या परीक्षा आणि सण लक्षात ठेवावेत. वर्ष संपताना आपण या कामाचे आहोत की नाही, हे ठरवण्याइतके स्वतःविषयी बरेच काही कळलेले असेल. उत्तर ‘नाही’ असे आले तरी ते वर्ष वाया जाणार नाही, कारण तेवढ्या काळात काही मुलांना त्यांचे ऐकणारे माणूस मिळालेले असेल. उत्तर ‘होय’ असे आले, तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच मुलांकडे जावे.